धान्याचं की ग्रेन-फ्री? कोरड्या खाद्यातल्या कार्ब्जची तुलना

ग्रेन-फ्री (धान्य नसलेलं) म्हणजे कमी कार्ब्ज (कर्बोदकं), असं समजून कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचं पाकीट उचलू नका. कोरड्या खाद्याचा दाणा फुगतो आणि आकार धरतो तो मुख्यतः स्टार्चमुळे. तांदूळ, मका, गहू काढले की त्यांच्या जागी बटाटा, रताळं, टॅपिओका, वाटाणा किंवा मसूर येतात.

कार्ब्जचा आकडा स्वतःच काढा. प्रथिनं २६, स्निग्धांश १४, तंतू ४, ओलावा १० आणि राख (म्हणजे खनिजं) ८ टक्के असेल, तर बेरीज ६२. उरलेले ३८ टक्के कार्ब्ज. राख छापलेली नसेल तर ८ धरा. पाकिटावर किमान-कमाल आकडे असतात, म्हणून उत्तर ढोबळच. पण दोन पाकिटं ताडून पाहायला पुरतं.

धान्यांत तांदूळ सर्वांत सहज पचतो. ओट्स आणि बार्लीतून विद्राव्य तंतू मिळतात. मका उगाच बदनाम आहे. बारीक दळून नीट शिजवला की कुत्र्यांना चांगला पचतो. दुसऱ्या बाजूला टॅपिओका म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, बटाट्यातही प्रथिनं थोडीच.

खरी मेख डाळवर्गात आहे. कोरड्या वाटाण्यात साधारण २० ते २५ टक्के प्रथिनं असतात, त्यामुळे मांस न वाढवताही पाकिटावरचा प्रथिनांचा आकडा चढतो. त्यात मेथिओनिन हे गरजेचं अमिनो आम्ल मात्र कमी. शिवाय घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. वाटाणा, वाटाण्याचं प्रथिन, वाटाण्याचा स्टार्च असे तुकडे केले की प्रत्येक जण मांसाच्या खाली सरकतो. ते एकत्र मोजा.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये कुत्र्यांतल्या डीसीएम या हृदयविकाराची चौकशी जाहीर केली. नोंदवलेल्या खाद्यांपैकी बहुतेक ग्रेन-फ्री होती, त्यांत वाटाणा किंवा मसूर होता. कारण सिद्ध झालेलं नाही. तरीही निरोगी कुत्र्यासाठी आम्ही धान्याचंच खाद्य सुचवू.

खाज सुटते म्हणून धान्य बंद करायचं असेल तर थांबा. कुत्र्यांत गव्हाची ॲलर्जी असते, पण बीफ, दुग्धजन्य पदार्थ आणि चिकन यांची जास्त आढळते. पशुवैद्यांच्या देखरेखीखाली किमान ८ आठवडे एलिमिनेशन डाएट (संशयित घटक पूर्ण वगळलेला आहार) केल्याशिवाय दोषी घटक कळत नाही.

मांजरासाठी धान्य आहे की नाही यापेक्षा वर काढलेला कार्ब्जचा आकडा महत्त्वाचा. मधुमेही मांजर इन्सुलिनवर असेल तर कार्ब्ज कमी करण्याआधी पशुवैद्यांशी बोला. डोस तोच राहिला तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.