बाख आणि टँगोसाठी कॉन्सर्टिना: इंग्लिश, अँग्लो की ड्युएट?

कॉन्सर्टिना (दोन्ही हातांत धरून वाजवायचं भाता आणि बटणांचं छोटं वाद्य) बघायला जाण्याआधी जे वाजवायचं आहे त्याची स्वरलिपी समोर ठेवा आणि दोनच गोष्टी तपासा: सगळ्यात खालचा सूर कोणता आणि एका वेळी किती स्वतंत्र ओळी चालतात. तिन्ही प्रकार बाहेरून बरेचसे सारखे दिसतात. आतली मांडणी मात्र इतकी वेगळी असते की एकीवर सहज बसणारी रचना दुसरीवर वाजतच नाही.

इंग्लिश

नेहमीच्या ट्रेबल इंग्लिशला ४८ बटणं असतात. भाता उघडा किंवा मिटा, बटणाचा सूर बदलत नाही. पेटीवर हात बसलेल्यांना हे सोयीचं जातं. सर्वांत खालचा सूर मधल्या सी-खालचा जी, म्हणजे व्हायोलिनची मोकळी जी तार. तिथून वर साडेतीन सप्तकं. स्टाफवर, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, रेघेवर लिहिलेले सूर डाव्या हातात आणि रेघांमधल्या जागेतले उजव्या हातात येतात. गोव्यात व्हायोलिनबरोबर स्टाफ नोटेशन शिकलेल्यांना त्यामुळे कागदावरून थेट बोटांवर येता येतं.

व्हायोलिन, बासरी आणि ओबोसाठी लिहिलेलं जवळजवळ सगळं इथे पट्टी न बदलता चालतं. सुरुवातीला टेलेमानच्या एकट्या बासरीसाठीच्या १२ फँटसिया घ्या, मग बाखची ए मायनरमधली बासरीची पार्तिता, म्हणजे नाचांच्या चालींची मालिका (बाखच्या रचनांच्या यादीत बीडब्ल्यूव्ही १०१३). तिच्या पहिल्या भागात श्वास घ्यायलाही विराम नाही. भात्याची दिशा कुठे बदलायची हे म्हणून आधीच पेन्सिलीने लिहून ठेवावं लागतं. चार सोळांश स्वरांच्या गटाच्या मध्ये बदलू नका, ओळ तुटते. मोठ्या उडीच्या आधी किंवा नव्या वाक्याच्या तोंडाशी बदललं तर ऐकणाऱ्याला कळतही नाही.

चेलोचं संगीत हवं असेल तर हिशेब सोपा आहे. चेलोची सर्वांत खालची सी तार एक सप्तक आणि वर एक पंचम चढवली की बरोबर कॉन्सर्टिनाच्या खालच्या जीवर येते. बाखचा जी मेजरमधला पहिला सुईट असा डी मेजरमध्ये जातो आणि एकही सूर गाळावा लागत नाही. व्हायोलासाठी फक्त पंचम चढवा. ५६ बटणांची टेनर-ट्रेबल सी-पर्यंत खाली जाते. तिच्यावर व्हायोलाचं संगीत आहे तसं, चेलोचं एक सप्तक वर.

इंग्लिशला स्वतःचं शास्त्रीय साहित्यही आहे. जूलियो रेगोंदी (१८२२–१८७२) हा तिचा मोठा वादक आणि रचनाकार. बेर्नहार्ड मोलिकने तिच्यासाठी जी मेजरमध्ये कॉन्चेर्तो लिहिला.

जुनं वाद्य घेताना एक चाचणी चुकवू नका. डी शार्प आणि ई फ्लॅट यांना वेगवेगळी बटणं असतात, जी शार्प आणि ए फ्लॅट यांनाही. प्रत्येक जोडी एकामागून एक वाजवा. फरक ऐकू आला तर वाद्य जुन्या मीनटोन पद्धतीत लावलेलं असू शकतं आणि गिटार-पियानोबरोबर बेसूर वाटेल. सूर एकच असला तर जोडीतलं दुसरं बटण अवघड जागी बोटं सोडवायला कामी येतं.

अँग्लो

३० बटणांची सी/जी अँग्लो आयरिश नाचांच्या सुरावटींना उत्तम. बाखसाठी आम्ही ती सुचवणार नाही. प्रत्येक बटण भाता दाबताना एक आणि ओढताना दुसरा सूर देतं. कॉर्डमधले दोन सूर विरुद्ध दिशांना असले की ते एकत्र वाजूच शकत नाहीत, आणि लांब बांधलेली ओळ भाता सारखा उलटल्याने तुटते. हातात आधीच अँग्लो असेल तर ए मायनर किंवा डी मायनरमधले सोपे टँगो निवडा.

ड्युएट

इथेही दोन्ही दिशांना सूर तोच, पण खालचे सूर डाव्या हातात आणि वरचे उजव्या हातात. बाखच्या दोन ओळींच्या १५ इन्व्हेन्शन्स आणि साथीसकट टँगो यांसाठी हीच योग्य. मॅकान आणि क्रेन मांडण्या जुन्या वाद्यांत भेटतात. हेडन मांडणीत कॉर्डचा आकार सगळ्या पट्ट्यांत एकच राहतो. डी मायनर शिकलात की ई मायनरसाठी हात नुसता सरकवायचा. ३४ बटणांच्या छोट्या हेडनमध्ये मात्र सगळे अर्धस्वर नसतात, तेव्हा यादी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. बाखचा बास वाद्याच्या खाली गेला तर एकटा सूर वर उचलू नका, अख्खं वाक्य एक सप्तक चढवा.

टँगो बसवताना

आन्हेल वियोल्दोचा टँगो 'एल चोक्लो' (१९०३) घ्या. बहुतेक प्रतींत तो डी मायनरमध्ये असतो. पियानोच्या प्रतीतून आधी सप्तकात दुप्पट केलेले सूर काढा. मग कॉर्डमधला पंचम काढा. तिसरा आणि सातवा ठेवा: ए-सेव्हन्थमध्ये सी शार्प आणि जी राहिले की कान बाकीचं भरून घेतो.

ड्युएटवर नेमकी अडचण इथून सुरू होते. भाता एकच, त्यामुळे दोन्ही हातांना हवेचा दाब सारखाच. डाव्या हाताचा आवाज हळू ठेवायची सोय नाही आणि खालच्या सुरांच्या जाड रीड (सूर देणाऱ्या धातूच्या पात्या) सुरावट झाकून टाकतात. उपाय एकच: बासचा सूर लिहिल्याच्या निम्मा वेळ धरा. जाड रीड उशिरा बोलतात, म्हणून बटण ठोक्याच्या किंचित आधी दाबा. ठोका बोटाने येत नाही, भात्याला दिलेल्या झटक्याने येतो. वाद्याची एक बाजू मांडीवर टेकवून दुसरी हलवा. अरास्त्रेसाठी, म्हणजे ठोक्याकडे ओढत नेलेल्या सुरासाठी, सैल भात्यावर सूर धरा, ठोक्यापर्यंत दाब वाढवा आणि ठोक्यावर तोडा.

ट्रेबल इंग्लिशवर बास नाही, पण त्यात कमीपणा नाही. बँडोनियन (टँगोचं ओळखीचं, कॉन्सर्टिनापेक्षा मोठं भात्याचं वाद्य) रुळण्याआधी टँगो बासरी, व्हायोलिन आणि गिटारवर वाजत असे. गिटारवादक सोबत असेल तर त्या काळच्या रचनांसाठी इंग्लिश आमची पहिली पसंती. बँडोनियनचा भरदार नाद मात्र या तिन्हींतल्या कोणत्याच कॉन्सर्टिनातून निघणार नाही, कारण बँडोनियनमध्ये प्रत्येक बटणाला सप्तकाच्या अंतराने दोन रीड वाजतात. टँगो रचनाकार पियाझोल्लाच हवा असेल तर ७१ बटणांचं बँडोनियन घ्या. ते बहुधा अँग्लोसारखंच दोन्ही दिशांना वेगळे सूर देतं, म्हणजे प्रत्येक हाताच्या दोन मांडण्या पाठ करायच्या.

शास्त्रीय स्वरलिपी आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मोफत मिळतात, टँगोच्या पियानो-प्रती टोडोटँगो या संकेतस्थळावर. पट्टी बदलायला म्युझस्कोर हे स्वरलिपीचं सॉफ्टवेअर पुरतं. भारतात रचनेचा हक्क (कॉपीराइट) रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. वियोल्दो (१९१९), गार्देल (१९३५) आणि 'ला कुम्पारसिता'चा मातोस रोद्रिगेस (१९४८) इथे मोकळे आहेत. पियाझोल्ला १९९२ मध्ये गेला, म्हणून २०५२ संपेपर्यंत नाही. जुन्या टँगोच्या नव्या मांडणीवर मांडणी करणाऱ्याचा वेगळा हक्क असतो, तेव्हा शक्यतो मूळ पियानो-प्रतीवरूनच काम करा.