निळी वांडा: मूळ जात घ्यावी की संकर?

निळ्या ऑर्किडचा नाद लागला की दोन नावं हमखास समोर येतात. एक वांडा सेरुलिया ही मूळ जात, आणि दुसरं वांडा रॉथचाइल्डियाना, म्हणजे १९३१ साली नोंदवलेला तिचा संकर. दोन्हींची फुलं देखणी असतात, त्यामुळे फुलं बघून निवड करायला गेलात तर फसाल. आधी पावसाळा सरल्यावर तुमच्याकडे रात्री किती गार होतात ते बघा.

सेरुलिया डोंगरातली. मेघालयातल्या खासी टेकड्यांपासून म्यानमार आणि उत्तर थायलंडपर्यंत, हजार मीटरच्या आसपास किंवा त्याहूनही वर, विरळ रानातल्या झाडांवर ती वाढते. तिथे भरपूर ऊन, सतत खेळती हवा आणि गार रात्री. या गारव्याशिवाय ती पानं काढत जाते, पण फुलांचा दांडा काढेलच असं नाही. १८५० साली वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी लंडनजवळच्या क्यू वनस्पती उद्यानासाठी खासीतून सात माणसांची ओझी होतील इतकी रोपं गोळा केली. इंग्लंडला जिवंत पोचली ती मोजकीच. लहरी म्हणतात ती उगाच नाही.

संकराचं दुसरं पालक म्हणजे फिलिपीन्सच्या मिंडानाओ बेटावरची वांडा सँडेरियाना, सखल आणि उष्ण प्रदेशातली. त्यामुळे संकर उकाडा निभावून नेतो आणि वर्षातून एकाहून जास्त वेळाही फुलू शकतो. मात्र रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली फार दिवस राहिलं की तो कुरकुरतो. सेरुलिया १० अंशांपर्यंत सहज तग धरते.

फुलांत खरा फरक आकाराचा. संकराचं फूल गोल, सपाट, भरलेलं. सेरुलियाच्या पाकळ्या बुडाशी पिळलेल्या आणि मधे फट राहिलेल्या; पण त्यावरची निळी-जांभळी जाळी उन्हाविरुद्ध धरून बघा. मला तो थोडा विस्कटलेला आकारच जास्त आवडतो. स्पर्धेतले परीक्षक बहुधा सहमत होणार नाहीत.

रोजच्या कामात मात्र दोन्ही सारख्याच हट्टी. वांडाला पाणी साठवणारा कंद नसतो, सगळी भिस्त उघड्या मुळांवर. म्हणून फटी असलेल्या लाकडी टोपलीत टांगायचं, माती नाही. कोरडी मुळं चंदेरी-पांढरी दिसतात. पाणी मारत राहा, ती हिरवी झाली की थांबा. एक झटपट फवारा पुरत नाही, आणि उन्हाळ्यात हे रोजचं काम आहे. वाढीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा अगदी पातळ खत द्यावं. शेंड्यातल्या पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर कापडाच्या पिळलेल्या टोकाने टिपून घ्या, नाहीतर शेंडा कुजतो आणि एकाच खोडावर वर वाढत जाणारं हे झाड तिथेच अडतं. नशीब असेल तर बुडाशी नवा फुटवा येतो.

प्रकाशाचं माप पानांवर कळतं. गर्द हिरवी पानं म्हणजे उजेड कमी, फूल विसरा. किंचित पोपटी उत्तम. जांभळट झाक आली तर ऊन जास्त होतंय. टोपली लहान पडली तर मुळं सोडवत बसू नका, जुनी टोपली तशीच मोठ्या टोपलीत बसवा.

रोज पाणी घालायला कुणी घरी नसेल तर दोन्ही सोडा आणि फॅलेनॉप्सिस हे दुसरं ऑर्किड घ्या. रात्री गार होत असतील तर माझं मत बेधडक सेरुलियाला. बारा महिने उकाडा असेल तर संकर घ्या, सेरुलियाचा हट्ट धरू नका.

सेरुलिया घेताना ती रोपवाटिकेत वाढवलेली आहे ना, हे विचारा. २००४ साली साइट्सने, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने, तिला सर्वात कडक यादीतून थोड्या सैल अशा दुसऱ्या परिशिष्टात आणलं, तरी रानातून ओरबाडलेली रोपं विकत घ्यायची नाहीत. मुळं तुटलेली असल्याने ती टिकतही नाहीत. रोप हातात घेतल्यावर फुलांआधी मुळांची टोकं बघा. ती ओलसर हिरवी किंवा लालसर, म्हणजे वाढती असली तरच घ्या.