जुनी पद्मिनी गॅरेजला देताय? आधी कार्बोरेटरचा फोटो काढून ठेवा

बाबांची प्रीमियर पद्मिनी १९८६ची, जी.डी. (गोवा, दमण, दीव) पासिंगची. ते गेल्यापासून ती मीच चालवते. गेल्या वर्षी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, दहा दिवस उरले असताना फोंड्याहून वाळपईला जाताना ती खांडेपारच्या पुलावर बंद पडली. पंधरा मिनिटं थांबलं की सुरू व्हायची, चार-पाच किलोमीटर गेलं की पुन्हा झटके देऊन बंद. चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांचं) सामान, आई, मुलं, सगळी याच गाडीतून गावच्या घरी जातात. त्यामुळे मला घाई होती, आणि ती मी गॅरेजवाल्याला बोलून दाखवली.

गॅरेज फोंड्याजवळचंच, नाव लिहीत नाही. त्याने बॉनेट उघडलं, एअर क्लीनर काढून आत डोकावला आणि म्हणाला, "ताई, कार्बोरेटर गेला. बेळगावला पाठवून ओव्हरहॉल करून घेऊया. चवथीआधी गाडी देतो." कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. त्याने स्पार्क बघितला नाही, डिस्ट्रिब्युटरचं (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाचं) झाकणही काढलं नाही. मी समोर उभी होते, तरी विचारलं नाही.

आठव्या दिवशी गाडी मिळाली. कार्बोरेटर नव्यासारखा चकचकीत, बिल साडेनऊ हजार. वाळपईपर्यंत एकदाही बंद पडली नाही, म्हणून मी त्याला फोन करून वर आभारही मानले.

चवथ झाली आणि पेट्रोलचा खर्च लक्षात यायला लागला. लिटरला बारा देणारी गाडी आठावर आली होती. न्यूट्रलला इंजिनचा आवाज वरखाली व्हायचा, सायलेन्सरमधून काळा धूर यायचा. शेवटी मडगावच्या एका वयस्क मेस्त्रींकडे गेले. त्यांचं अख्खं आयुष्य फियाट आणि अँबेसेडरवर गेलंय.

त्यांनी आधी चारही प्लग काढले. नीट चालणाऱ्या इंजिनचा प्लग बिस्किटी रंगाचा असतो, माझे काजळीने काळे झाले होते. मग त्यांनी कार्बोरेटरमधल्या थ्रॉटलचा (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा) स्पिंडल, म्हणजे दांडा, दोन बोटांत धरून हलवला, तर तो चक्क खडखडला. स्पिंडल झिजला की त्याच्या बाजूने जादा हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि गाडी न्यूट्रलला उभी राहत नाही. ते झाकायला कुणीतरी पेट्रोल सोडणाऱ्या मेन जेटचं भोक ड्रिल मारून मोठं केलं होतं. जेटवरचा नंबरही खरवडलेला. म्हणजे एक खोड लपवायला दुसरी केली, आणि तिचं पेट्रोल मी भरत होते.

मेस्त्रींनी विचारलं, "बाय, हा कार्बोरेटर तुमचाच काय?"

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. आमच्या कार्बोरेटरच्या चोक लिव्हरला केबल धरून राहायची नाही, म्हणून बाबांनी तिथे छोटा पितळी बुश बसवून डाख (सोल्डर) दिला होता. तुरीच्या दाण्याएवढा, करडा, एका बाजूला ओघळलेला. डाख देताना टॉर्च मी धरला होता, तेव्हा मी पाचवीत होते. या लिव्हरवर तो डाख नव्हता.

डिस्ट्रिब्युटर उघडल्यावर उरलेलंही कळलं. आत सगळं जुनंच, फक्त कंडेन्सर कोरा करकरीत. खराब कंडेन्सर गरम झाला की दगा देतो, पॉइंटवर ठिणग्या उडतात, स्पार्क कमजोर होतो आणि गाडी बंद पडते. थंड झाला की पुन्हा चालू. खांडेपारला नेमकं हेच होत होतं. शे-दीडशे रुपयांचा तो भाग त्याने गुपचूप बदलला, बिलात लिहिलाच नाही. पद्मिनीचं उत्पादन थांबून वीसहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे जुन्या गाड्या उभ्या करणारे लोक चांगला मूळ सोलेक्स (या गाडीच्या कार्बोरेटरची कंपनी) शोधत असतात. आमचा त्याने ठेवून घेतला.

विचारायला गेले तर म्हणाला, "लिव्हर बदलला, जुना भंगारात गेला." बिलावर नुसतं 'कार्बोरेटर काम' लिहिलेलं. फोटो माझ्याकडे नव्हता. बराच वाद झाल्यावर दोन हजार परत दिले.

गाडी अशी बंद पडली तर कुणाच्याही हाती देण्याआधी एवढं बघा. इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढा आणि हाताने थ्रॉटल ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर पेट्रोल पोचतंय. मग आधी कंडेन्सर, पॉइंट, कॉइल तपासायला सांगा. कार्बोरेटर काढावाच लागला तर चारही बाजूंनी फोटो घ्या, बॉडीवरची अक्षरं आणि जेटचे नंबर लिहून ठेवा, आणि काढलेला प्रत्येक भाग परत मागा.

मेस्त्रींनी स्पिंडलला नवे बुश घातले, योग्य नंबरचा जेट बसवला. गाडी आता अकरा देते. पण जुन्या गाड्यांच्या सामानात कुणाला चोक लिव्हरवर डाखाचा असा थेंब असलेला सोलेक्स दिसला, तर कृपया मला कळवा. विकणारा मागेल ती किंमत मी देईन.