डी अँड डीची फारशी माहीत नसलेली पुस्तकं: आमच्या ओसरीवर काय चाललं, काय नाही

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) म्हणजे फासे टाकत, बोलून गोष्ट रंगवत बसल्या जागी खेळायचा खेळ: प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो आणि डीएम, म्हणजे डंजन मास्टर हा सूत्रधार, बाकीचं जग सांभाळतो. त्याची तीन मुख्य पुस्तकं घेतली की बहुतेक लोक तिथेच थांबतात. पुढे कधी पैसे हाताशी आले की नवे क्लास (पात्रांचे पेशे), नवे स्पेल (मंत्र), नव्या रेस (पात्रांचे वंश) देणारं जाडजूड पुस्तक घेतात. माझं म्हणणं अगदी उलट आहे. खेड्यात, दिवसभर राबून आलेल्या माणसांना घेऊन टेबल चालवायचं असेल तर ती पुस्तकं सगळ्यात शेवटी घ्या. आधी अशी घ्या, जी आज रात्री टेबलावर काय करायचं ते डीएमला सांगतात. खेळ छापणाऱ्या मूळ कंपनीपेक्षा बाहेरच्या छोट्या लेखकांनी अशी पुस्तकं जास्त लिहिली आहेत. मागच्या पावसाळ्यापासून मी त्यातली काही सतत वापरतेय.

आमचं गाव अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. टेबल म्हणजे ओसरीवरची सतरंजी. खेळायला धाकटे दीर (त्यांच्याकडे संत्र्याची बाग आहे), बारावीतला पुतण्या, नणंद आली असेल तर ती, आणि शेजारचे शाळेतले सर. मी अमरावतीला होस्टेलवर असताना खेळायला शिकले, म्हणून डीएम मीच. अडचण नेहमी एकच: माणसं ठरलेल्या वेळी ठरलेल्या संख्येत येत नाहीत. थ्री-फेजची पाळी रात्रीची असली की दीर सेशन (एका बैठकीचा खेळ) अर्धवट सोडून पाणी द्यायला जातात. कापूस वेचणीच्या दिवसांत तर कोणीच येत नाही. मोठ्या अधिकृत ॲडव्हेंचरमध्ये (कंपनीने लिहून दिलेल्या साहसकथेत) कथा प्रकरणाप्रमाणे पुढे सरकते. एखाद्याचं प्रकरण चुकलं की त्याचा धागा सुटतो, आणि मग सगळा वेळ मागचं सांगण्यातच जातो.

या अडचणीवर सगळ्यात कामाला आलं ते मायकल शे यांचं ‘रिटर्न ऑफ द लेझी डंजन मास्टर’. 2018 चं हे पुस्तक, एकही नवा मॉन्स्टर नाही, एकही स्पेल नाही. सेशनची तयारी आठ पायऱ्यांत कशी करायची एवढंच त्यात आहे. पहिल्या पायरीत पात्रांवर नजर टाकायची, दुसरीत दणदणीत सुरुवात ठरवायची, मग संभाव्य प्रसंग, गुपितं आणि खुणा, जागा, माणसं, मॉन्स्टर, शेवटी मिळकत. आठही पायऱ्या मी दर वेळी करत नाही. सुरुवात आणि गुपितं मात्र कधीच सोडत नाही.

गुपितांची पायरी जरा उलगडून सांगते, कारण या पुस्तकाचा जीव तिच्यात आहे. सेशनआधी वहीत दहा वाक्यं लिहायची. प्रत्येक वाक्य म्हणजे पात्रांना कळू शकेल अशी एक गोष्ट. ती कोणाकडून आणि कुठे कळेल, हे मुद्दाम लिहायचं नाही. उदाहरणार्थ, ‘किल्लेदाराचा धाकटा मुलगा मेलेला नाही’. मला वाटलं होतं की दीर म्हाताऱ्या पहारेकऱ्याशी बोलतील आणि हे तिथे कळेल. दीर त्या रात्री मोटर चालू करायला निघून गेले. पहारेकऱ्याकडे कोणी फिरकलंच नाही. मग पुतण्याने टाक्याच्या काठावर एक कोनाडा धुंडाळला, तेव्हा तिथे लहान मुलाच्या मापाची ताजी मोजडी सापडली. गुपित तेच, सांगणारं बदललं. दीर परत आले तेव्हा गोष्ट कुठेही अडली नव्हती. जो सूत्रधार सगळं ठरलेल्या तोंडून वदवून घ्यायला बघतो त्याला ही एक सवय फार मोठी मोकळीक देते.

लढाईच्या मापाचंही शे यांचं एक सोपं गणित आहे. सगळ्या पात्रांच्या लेव्हलची (पात्र किती तयार झालंय त्या आकड्याची) बेरीज करा. तिच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा मॉन्स्टरांच्या चॅलेंज रेटिंगची (ते किती भारी आहेत त्या आकड्याची) बेरीज जास्त झाली तर लढाई जीवघेणी ठरू शकते. पाचव्या लेव्हलपासून चौथ्या हिश्श्याऐवजी निम्मा हिस्सा धरायचा. म्हणजे तिसऱ्या लेव्हलची चार पात्रं असतील तर बेरीज बारा, आणि तीनच्या पुढे गेलं की सावध व्हायचं. ऐन वेळी एक जण कमी आला तरी हे तोंडी होतं. अधिकृत पुस्तकातलं एक्स्पीचं (अनुभवाच्या गुणांचं) कोष्टक मी तेव्हापासून उघडलेलं नाही.

दुसरं नाव ‘टूम ऑफ द सर्पंट किंग्ज’. लेखक स्केर्पल्स या नावाने लिहितो. ही पीडीएफ फुकट मिळते, आणि नव्या डीएमने पहिल्यांदा हीच चालवावी असं मला मनापासून वाटतं. जुन्या पद्धतीचा डंजन (सापळे आणि धन असलेलं भुयार) आहे. त्याची खासियत अशी, की खोली खेळाडूंना काय शिकवते ते लेखक डीएमला तिथल्या तिथे सांगत जातो. (ज्यांना हा डंजन स्वतः खेळायचा आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.)

सुरुवातीच्या कोठड्यांत मातीचे पोकळ पुतळे आहेत. फोडले तर आत सोन्याचं ताईत, पण सोबत विषारी वायू. म्हणजे पहिला धडा: धन आहे, धोका आहे, डोकं चालवा. पुढे एक दगडी दार, त्याला लोखंडी खुंट्यांवर टेकवलेला दगडी अडसर. अडसर उचलला की वजन गेल्यामुळे खुंट्या सुटतात आणि छतातून भलामोठा दगडी हातोडा उचलणाऱ्यांच्या पाठीवर येतो. पुतण्या लगेच म्हणाला, आम्ही दोघं मिळून उचलतो. दीर त्याला म्हणाले, "थांब ना बे. एवढा जड अडसर, अन् थो बाहेरून काऊन लावला? कोन कोनाले कोंडून रायलं?" सरांनी खुंट्या नीट बघतो म्हटलं. मी सांगितलं की खुंट्या भिंतीत घट्ट बसलेल्या नाहीत, खाचेत किंचित हलतात. झालं. दिरांनी दोन्ही टोकांना दोर बांधला, सगळ्यांना मागे कोपऱ्यात घेतलं आणि लांबून ओढला. हातोडा रिकाम्या हवेत फिरला. कोणीही फासा टाकला नव्हता. पर्सेप्शनचा रोल (पात्राला काही दिसलं का याचा फासा) नाही, सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचण्याचा फासा) नाही. पात्राच्या कागदावर काय लिहिलंय याला त्या घडीला काहीच महत्त्व नव्हतं. बैल-बंडी, मोटर, विहीर यांत उभा जन्म गेलेल्या माणसाला वजन, दोर, खुंटी हे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, आणि हा डंजन त्या कळण्याला किंमत देतो. नियमांची पुस्तकं इंग्रजीत आहेत म्हणून आजवर बिचकून बसणारे दीर त्या रात्रीपासून सगळ्यात पुढे असतात.

तिसरं ‘द पेरिलस वाइल्ड्स’. जेसन लुट्स यांचं, 2015 चं. हे मुळात ‘डंजन वर्ल्ड’ या वेगळ्या खेळासाठी लिहिलेलं सप्लिमेंट आहे, डी अँड डीसाठी नाही. तरी घ्या. जंगलातल्या प्रवासाचं इतकं कामाचं पुस्तक माझ्या पाहण्यात दुसरं नाही. नकाशा डीएमने एकट्याने काढायचा नसतो, सगळ्यांनी मिळून भरायचा असतो. प्रवासात कामं वाटून घ्यायची: पुढे जाऊन टेहळणी कोण करणार, वाट कोण काढणार, शिदोरी-पाणी कोण सांभाळणार. सहाचे दोन फासे टाकायचे. दहा किंवा वर आलं तर काम फत्ते, सात ते नऊ आलं तर होतं पण काहीतरी मोजावं लागतं, सहा किंवा खाली आलं की संकट. मी प्रवासापुरती ही पद्धत जशीच्या तशी ठेवली आणि लढाईला डी अँड डीचा वीस बाजूंचा फासा. दोन पद्धती एकत्र चालतील का अशी शंका वाटेल, पण खेळाडूंना काहीच जड गेलं नाही.

आमचं कॅम्पेन (अनेक बैठकींत चालणारी एकच गोष्ट) नरनाळ्याच्या आकारावर बेतलेलं आहे. अकोटकरांना नरनाळा सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी: सातपुड्यातला डोंगरी किल्ला, शहानूर गावावरून वर जातात. जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड असे तीन भाग एकाला एक लागून. महाकाली दरवाजा 1487 चा, कोरीवकाम असं की मान वर करून बघतच राहावं. नऊगजी तोफ, पाण्याची टाकी, आणि चौफेर मेळघाटचं वाघाचं जंगल. सूर्य मावळायच्या आत खाली उतरावंच लागतं. असा किल्ला उशाशी असताना आम्ही परक्या देशातल्या बर्फाळ दऱ्या कशाला कल्पायच्या? पुस्तकातल्या शोध आणि संकटांच्या बारा-बारा ओळींच्या तक्त्यांतून मी फक्त सांगाडा घेते. ‘जुनी बांधणी, पडझड, अजून वापरात’ असं आलं की माझ्यासमोर टाकंच उभं राहतं. नकाशा भरताना सरांनी तिन्ही भागांना जोडणारा चोरवाटेचा बोगदा काढला, नणंदेने तोफेच्या तोंडात घुबडाचं घरटं ठेवलं. शिदोरीचं काम अर्थात दिरांकडे. उन्हाळ्यात कोणत्या टाक्याला पाणी राहील आणि कोणतं आटेल यावर ते आणि सर असा वाद घालतात की मला मधे पडावंच लागत नाही.

‘टोम ऑफ बीस्ट्स’बद्दल माझं मत तितकं चांगलं नाही. कोबोल्ड प्रेसचं, 2016 चं, चारशेहून जास्त मॉन्स्टर, चित्रं अप्रतिम. या यादीत सगळ्यात नावाजलेलं हेच असेल. पण स्टॅट ब्लॉक (मॉन्स्टरच्या आकड्यांचा आणि क्षमतांचा तक्ता) लांबलचक, आणि बरेच मॉन्स्टर माझ्या टेबलावर त्यांच्या रेटिंगपेक्षा जड पडले. लाइट गेलेली असताना मोबाइलच्या उजेडात पाच-सहा खास क्षमता वाचत बसणं जमत नाही. आता मी त्यातून मॉन्स्टरचं रूप आणि एखादी ठळक खोड उचलते, आकडे मात्र मूळ नियमांतल्या साध्या अस्वलाचे किंवा ओगरचे (धिप्पाड राक्षसाचे) लावते. एवढ्यासाठी एवढं मोठं पुस्तक घ्यावं का? संदर्भाला पीडीएफ ठीक, छापील प्रत नको.

वेचणीच्या दिवसांत मी ‘मिथिक गेम मास्टर एम्युलेटर’ काढलं. ताना पिजन यांचं, डीएमचं काम फाशांवर सोपवणारं पुस्तक. हो-नाहीचा प्रश्न विचारायचा, शक्यता ठरवायची, शंभराचा फासा टाकायचा, आणि गोंधळाचा आकडा (गोष्ट किती हाताबाहेर गेली ते) एक ते नऊमध्ये खालीवर होत राहतो. एकटीने खेळायला बरं आहे. मला खरा उपयोग झाला तो मधल्या काळात खलनायक काय करत होता हे ठरवायला.

आता पैसे आणि छपाई. पीडीएफ बहुतेक डॉलरमध्ये विकल्या जातात. डेबिट कार्डवर परदेशी व्यवहार सहसा बंद असतो, तो बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करावा लागतो. ते केल्याशिवाय पैसे जात नाहीत आणि कारणही नीट कळत नाही. छापील प्रत परदेशातून मागवायच्या भानगडीत मी पडत नाही, टपालखर्च पुस्तकाच्या वर जातो. पीडीएफ घ्या आणि झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्या. ‘पेरिलस वाइल्ड्स’ची पानं आकाराने लहान आहेत, ए-फोरच्या एका बाजूवर दोन पानं व्यवस्थित बसतात आणि वाचताही येतात. रंगीत पार्श्वभूमीची पुस्तकं झेरॉक्सवर काळीकुट्ट येतात, हे विकत घेण्याआधी नमुना पानं बघून तपासा. नकाशांसाठी डायसन लोगोस यांचे हाताने काढलेले काळे-पांढरे नकाशे घ्या. रेषा स्वच्छ, खडकाच्या जागी आडव्या-तिडव्या रेघा, झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी खोल्या ओळखू येतात. त्यातले बरेच त्यांनी व्यावसायिक वापरालाही मोकळे ठेवले आहेत. वन पेज डंजन कॉन्टेस्ट (एका पानावर डंजन लिहायची स्पर्धा) 2009 पासून चालते, तिच्यातलं एक पान म्हणजे एका रात्रीची सोय.

शेवटी मराठीचं. सर आणि दीर इंग्रजी वाचतात, पण खेळताना वाचायला लागलं की गती मोडते. म्हणून मी नियमांची मराठी पानं तयार केली. हे उघडपणे करता येतं, कारण 2023 च्या जानेवारीत लायसन्सवरून (इतरांनी नियम वापरायच्या परवान्यावरून) मोठा वाद झाल्यावर मूळ कंपनीने एसआरडी 5.1 हा पायाभूत नियमांचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या परवान्याखाली खुला केला. फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये तो कंपनीनेच दिला. मराठीत आपल्यालाच करावा लागणार. शे यांनीही आपल्या पद्धतीचा मोठा भाग ‘लेझी जीएम्स रिसोर्स डॉक्युमेंट’ म्हणून तसाच खुला ठेवलाय. आठ पायऱ्या त्यात आहेत, तेव्हा पुस्तक घ्यायच्या आधी ते फुकट वाचून बघा. या दोन्हींना अट एकच: मूळ श्रेय ठरलेल्या शब्दांत द्यायचं आणि आपण बदल केलाय हे लिहायचं. पात्राच्या सामानाचे दहा खण ही सोय मी ‘केर्न’ या दुसऱ्या खेळातून घेतली, आणि त्याची अट थोडी वेगळी आहे. त्यातला मजकूर घेऊन काही बनवलं आणि वाटलं, तर तेही त्याच अटीवर इतरांसाठी खुलं ठेवावं लागतं. म्हणून केर्नवरून केलेली पानं मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवते आणि खाली श्रेयाची ओळ वेगळी टाकते. आपल्या टेबलापुरतं खेळताना याने काही बिघडत नाही, पण पानं दुसऱ्या गावच्या टेबलाला पाठवायची असतील तर पहिल्या पानापासूनच हे वेगळं ठेवा, नंतर निवडत बसणं फार किचकट होतं.