ॲक्शन, स्क्रिप्ट की कमांड लाइन: शेकडो फोटोंचं काम कोणावर सोपवावं?

शेकडो फोटो लहान करायचे, कोपऱ्यात लोगो टाकायचा, जेपेगमध्ये सेव्ह करायचे. दहाव्या फोटोनंतर लक्ष उडतं आणि चुका तिथून सुरू होतात. हे काम हाताने करूच नये.

हाताशी फोटोशॉप असेल तर आधी ॲक्शन, म्हणजे आपण केलेल्या पायऱ्यांची साखळी, रेकॉर्ड करा. कोड लागत नाही. पण ॲक्शन आपण केलेलं जसंच्या तसं गिरवते. क्रॉपचे आकडे, लेयरची नावं, सगळं. आडव्या फोटोवर रेकॉर्ड केलेला क्रॉप उभ्या फोटोत माणसाचं डोकं छाटू शकतो. नुसता आकारच बदलायचा असेल तर फोटोशॉपमधली ‘फिट इमेज’ ही आज्ञा आडवं-उभं दोन्ही सांभाळते. अनेकांना ही सोय ठाऊक नसते, आणि तेवढ्यासाठी ते स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहायला बसतात.

पार्श्वभूमी गडद असेल तर पांढरा लोगो, फिकट असेल तर काळा, असा निर्णय फोटोगणिक घ्यायचा असेल तेव्हा मात्र स्क्रिप्टच हवी. फोटोशॉपमध्ये ती जावास्क्रिप्टमध्ये लिहितात. एक्स्टेंडस्क्रिप्ट या त्याच्या जुन्या प्रकाराचे नमुने अमाप मिळतात, पण तिची भाषा १९९९च्या जावास्क्रिप्टवर थांबलेली आहे. फोटोशॉप २०२२पासून यूएक्सपी या नव्या पद्धतीच्या स्क्रिप्टही चालतात. नव्याने शिकणाऱ्याने तिकडेच वळावं असं मला वाटतं. एक्स्टेंडस्क्रिप्ट लिहायचीच असेल तर पहिल्याच ओळींत रूलरचं, म्हणजे मोजमापाचं, एकक पिक्सेल करून टाका. नाहीतर तुमचे १२०० पिक्सेल दुसऱ्याच्या मशीनवर १२०० सेंटिमीटर होऊ शकतात.

गिंप हा फोटोशॉपसारखा एडिटर फुकट आहे, पण त्यात ॲक्शनसारखी रेकॉर्डिंगची सोय नाही. म्हणजे पहिल्या पायरीपासून कोड: स्क्रिप्ट-फू ही गिंपची आपली भाषा, ज्यात कंसांच्या गर्दीची सवय करावी लागते, किंवा पायथन. मी पायथनच निवडेन. मार्च २०२५मध्ये आलेल्या गिंपच्या ३.० आवृत्तीत पायथन ३ आहे, २.१०साठी लिहिलेल्या स्क्रिप्ट त्यात सहसा बदल केल्याशिवाय चालत नाहीत, म्हणून नमुना उचलताना तो कोणत्या आवृत्तीचा आहे ते आधी बघा.

आणि लेयर, मास्क, टेक्स्ट यांतलं काहीच लागत नसेल तर एडिटर उघडायचाच कशाला? आकार बदलणं, फॉरमॅट बदलणं, वॉटरमार्क टाकणं ही कामं इमेजमॅजिक हे कमांड लाइनवरून, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांनी, चालणारं साधन एकेका ओळीत करतं. फक्त त्यातली ‘मॉग्रिफाय’ ही आज्ञा मूळ फाइलवरच लिहिते. वेगळं फोल्डर दिलं नाही तर मूळ फोटो गेले, आणि तिथे अनडू नाही. आधी कॉपी काढा, पाच फोटोंवर चालवून बघा, मगच पूर्ण फोल्डर तिच्या हवाली करा.