‘पुट अवे’ की ‘सेट असाइड’: आवरून ठेवलं की राखून ठेवलं?

आपलं ‘ठेवणे’ सगळीकडे चालतं, म्हणून इंग्रजीत आपण सरसकट ‘कीप’ लावतो. पण फवारणी झाल्यावर पंप धुऊन कोठ्यातल्या त्याच्या जागेवर नेऊन ठेवला, तर ते ‘पुट अवे’: ‘पुट द पंप अवे.’ सोयाबीनच्या ढिगातून पुढच्या पेरणीसाठी एकरी 30 किलोच्या हिशेबानं बियाणं वेगळं काढलं, तर ‘सेट असाइड’: ‘वी सेट असाइड थर्टी किलोज फॉर सीड.’ पहिल्यात वस्तू आपल्या जागी जाते, दुसऱ्यात ती एका कामासाठी राखली जाते. म्हणूनच ‘सेट असाइड’च्या मागोमाग बहुधा ‘फॉर’ येतो.

घोळ होतो सर्वनामाशी. ‘पुट अवे द पंप’ आणि ‘पुट द पंप अवे’ दोन्ही बरोबर. पण ‘इट’ आलं की ते मधेच बसतं: ‘पुट इट अवे’, ‘सेट इट असाइड’. ‘पुट अवे इट’ साफ चूक. भूतकाळात ‘पुट’ आणि ‘सेट’ बदलत नाहीत.

पैसे साठवायला दोन्ही चालतात. जेवणात मात्र ‘ही पुट अवे फाइव्ह भाकरीज’ म्हणजे त्यानं पाच भाकरी फस्त केल्या!

सगळ्यात जपायचं ते कोर्टाच्या कागदात. धुऱ्याच्या दाव्यात ‘द ऑर्डर इज सेट असाइड’ वाचून आदेश राखून ठेवलाय असं समजू नका. तो रद्द झाला आहे. निकाल राखून ठेवला असेल तर तिथं ‘रिझर्व्ह्ड’ लिहिलेलं असतं.