होमस्टे असो की हापूस: वेबसाइटसाठी कीवर्ड शोधायचे कुठे आणि निवडायचे कोणते?

देवबागला चार खोल्यांचं होमस्टे, देवगडला आंब्याची बाग, वेंगुर्ल्याला काजूचा कारखाना, गुहागरला घरगुती खानावळ. वेबसाइट करून घेतली, फोटो टाकले, दर लिहिले. मग प्रश्न येतो शब्दांचा. गिऱ्हाईक गूगलवर नेमकं काय टाइप करतं आणि त्यातले कोणते शब्द आपण धरायचे? हे शब्द म्हणजेच कीवर्ड, आणि ते शोधायच्या वाटा बऱ्याच आहेत: चौकशीचे फोन, गूगलच्या सूचना, गूगल ट्रेंड्स, कीवर्ड प्लॅनर, सर्च कन्सोल, पैसे भरून घ्यायची टूल्स आणि शेवटी हे काम पैसे घेऊन करून देणारी एजन्सी. सगळं करायला कुणाकडेच वेळ नसतो, म्हणून कशाला किती महत्त्व द्यायचं ते ठरवणं भाग आहे.

माझं मत आधीच सांगतो. किनाऱ्यावरच्या लहान व्यवसायाने पहिल्या वर्षी टूलवर पैसे घालू नयेत. शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडून घ्यावेत, प्लॅनर आणि ट्रेंड्सवर पडताळावेत आणि सर्च कन्सोलमध्ये त्यांचा निकाल बघावा.

चौकशीचा फोन की टूल?

मे महिन्याआधी होमस्टेवाल्याला पुण्याहून फोन येतो तो साधारण असा: "आम्ही दोन फॅमिली आहोत, चार मोठे, तीन मुलं. बीच चालत किती लांब? गाडी दारापर्यंत येते ना? आईला जिना चढवत नाही, खालची रूम मिळेल का? आणि दोघं व्हेज आहेत, त्यांची जेवणाची सोय होईल?" आता हे सगळं शोधाच्या भाषेत मांडून बघा. 'देवबाग बीचजवळ फॅमिली होमस्टे', 'तारकर्ली होमस्टे शाकाहारी जेवण', 'मालवण होमस्टे कार पार्किंग', 'ज्येष्ठांसाठी तळमजल्यावर रूम'. एका फोनातून चार पक्के शब्दसमूह निघाले. फोन करणाऱ्याने पैसे मोजायची तयारी ठेवून ते विचारलेत, ही त्यातली मोठी गोष्ट.

टूलमध्ये 'तारकर्ली' टाकलं तर 'तारकर्ली बीच', 'तारकर्ली हॉटेल', 'तारकर्ली स्कूबा डायव्हिंग' असे मोठे शब्द आधी येतात. तळमजल्याच्या खोलीचा शब्द तिथे बहुधा येणारच नाही, कारण तो शोधणारे थोडे आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. फोनजवळ वही ठेवा आणि एक हंगाम गिऱ्हाइकाचे शब्द जसेच्या तसे उतरवा. व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या वर्षीच्या चौकश्या असतील तर तिथल्या शोधात 'मिळेल का', 'आहे का', 'किती लांब' टाकून बघा. तासाभरात यादी उभी राहते.

या वाटेची उणीवही मोठी आहे. फोन करणारा तुमच्यापर्यंत पोहोचलेला असतो. जो पोहोचलाच नाही, तो काय शोधत होता ते वही सांगू शकत नाही. तिथे टूल लागतं.

गूगलच्या सूचना

शोधाच्या चौकटीत 'वेळास कासव' एवढंच लिहून थांबलात की गूगल पुढचे शब्द सुचवतं. निकालांमध्ये 'लोक हेही विचारतात' अशा प्रश्नांचा भाग येतो आणि तळाशी संबंधित शोध. फुकट, झटपट आणि लोकांच्या खऱ्या शोधांवर आधारलेलं. आकडा मात्र मिळत नाही.

एक काळजी घ्या. मालवणात बसून शोधलंत तर गूगल मालवणच्या माणसाला जे दाखवायचं ते दाखवतं. तुमचं गिऱ्हाईक डोंबिवलीत, कोथरूडमध्ये, कोल्हापुरात आहे. कोकणातल्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी मुंबईला असतंच. भाच्याला सांगा, तिथून शोध आणि पानाचा स्क्रीनशॉट पाठव. त्याच स्क्रीनशॉटमध्ये पहिल्या पानावर कोण बसलंय तेही दिसेल, आणि ते पुढे फार कामाला येतं.

ट्रेंड्स आणि प्लॅनर: दोघांचे आकडे वेगळे

या दोघांची गल्लत फार होते. ट्रेंड्समध्ये दिसणारा 0 ते 100 हा आकडा म्हणजे किती लोकांनी शोधलं ते नव्हे. निवडलेल्या काळात आणि भागात तो शब्द सगळ्यात जास्त जेव्हा शोधला गेला तो क्षण 100, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. त्यामुळे 'हापूस 100' वाचून हुरळून जायचं कारण नाही. ट्रेंड्सचा खरा उपयोग हंगाम कळण्यासाठी आणि दोन शब्दांची ताकद जोखण्यासाठी. एका वेळी पाच शब्द शेजारी-शेजारी ठेवता येतात आणि 2004 पासूनचा आलेख मिळतो.

आंबेवाल्यासाठी हा आलेख सोन्यासारखा आहे. हापूसचा शोध दरवर्षी एप्रिल-मेच्या सुमारास शिखरावर जातो आणि पावसाला सुरुवात होता होता खाली येतो. पण पान एप्रिलमध्ये टाकलं तर गूगलला ते सापडून, त्याचा भरवसा बसून वर यायला वेळ लागतो, तोवर पेट्या संपलेल्या असतात. मोहोर धरतो त्या सुमारास, डिसेंबर-जानेवारीत पान तयार हवं. हंगाम संपल्यावर ते काढून टाकू नका, आणि दर वर्षी नवा वेब-पत्ता (लिंक) देऊन नवं पानही करू नका. त्याच पत्त्यावर दर आणि तारखा बदला, म्हणजे गेल्या वर्षीची कमाई टिकते. वेळासच्या कासव महोत्सवासाठी खोल्या देणाऱ्यांनाही हेच लागू. पिल्लं उन्हाळ्याच्या तोंडावर बाहेर येतात आणि लोक बेत त्याच्या आधीपासून करतात.

प्लॅनर हा गूगल अ‍ॅड्सचा भाग. खातं फुकट उघडता येतं. त्यात महिन्याला सरासरी किती शोध होतात तो आकडा असतो, पण जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला तो '100 ते 1000' किंवा '1000 ते 10,000' अशा रुंद पट्ट्यांत दिसतो. दीडशे शोध आणि नऊशे शोध, दोन्ही एकाच पट्टीत. शिवाय जवळचे शब्द तो एकत्र मोजतो. तेव्हा एका शब्दाच्या आकड्याला कवटाळून बसू नये, दोन शब्दांतला दहापटीचा फरक तेवढा धरावा.

प्लॅनरमध्ये तीन ठिकाणी लक्ष द्या. एक, ठिकाण. तिथे सिंधुदुर्ग निवडू नका, मुंबई, पुणे, ठाणे, कोल्हापूर निवडा, शोधणारा तिथे आहे. दुसरं, 'कॉम्पिटिशन' हा रकाना. 'लो' दिसलं म्हणून तो शब्द वर यायला सोपा असं समजू नका. ती जाहिरातदारांमधली चढाओढ आहे, फुकटच्या निकालांशी तिचा संबंध नाही. तिसरी गोष्ट सहसा कुणी बघत नाही: पानाच्या वरच्या जागेसाठी जाहिरातदार एका क्लिकला काय मोजतात तो रकाना. जिथे लोक जास्त मोजतात, तिथे त्या शब्दातून धंदा होत असण्याची शक्यता जास्त. व्हॉल्यूमच्या, म्हणजे शोधांच्या संख्येच्या, रुंद पट्ट्यांपेक्षा मला हा रकाना जास्त बोलका वाटतो.

सर्च कन्सोल: तुमच्याच वेबसाइटची वही

वरची टूल्स सगळ्या बाजाराबद्दल बोलतात. गूगलचाच फुकटचा सर्च कन्सोल फक्त तुमच्या वेबसाइटबद्दल बोलतो, आणि म्हणून त्याला माझ्या लेखी पहिला मान. कोणत्या शोधात तुमचं पान दिसलं, किती वेळा दिसलं, किती क्लिक आले, सरासरी कितव्या क्रमांकावर होतं, हे सगळं खरं मोजलेलं असतं. फार क्वचित होणारे शोध तो गोपनीयतेसाठी दडवतो, बाकीचे दाखवतो. 16 महिन्यांपर्यंतचा हिशेब राहतो, म्हणजे गेल्या आणि यंदाच्या हंगामाची तुलना करता येते. मात्र हिशेब जोडणी केल्यापासून सुरू होतो, मागचा मागून मिळत नाही. म्हणून वेबसाइट सुरू झाल्याच दिवशी तो जोडा, बघायला वेळ नसला तरी.

बघायचं काय? आठव्यापासून विसाव्या क्रमांकापर्यंत अडकलेले शब्द. समजा 'गुहागर घरगुती जेवण' या शोधात तुमचं पान बाराव्या जागी दिसतंय आणि क्लिक जवळपास नाहीत. गूगलला तुम्ही पटलेले आहात, थोडं कमी पडताय. त्या शब्दाला वाहिलेलं पान आहे का बघा. पानाच्या शीर्षकात 'आमच्याविषयी' लिहिलंय की 'गुहागरमध्ये घरगुती जेवण: मासे आणि शाकाहारी थाळी'? मेनू, दर, वेळ, समुद्रापासूनचं अंतर पानावर लिहिलंय की नुसत्या फोटोत आहे? एवढी दुरुस्ती नवा कीवर्ड शोधण्यापेक्षा लवकर फळ देते.

नकाशावर नोंद केली असेल तर गूगल बिझनेस प्रोफाइलमध्येही लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले ते कळतं. खानावळीसाठी तर वेबसाइटच्या आधी तेच बघा.

पैशाची टूल्स

अ‍ॅरेफ्स, सेमरश यांचे मुख्य प्लॅन महिन्याला शंभर डॉलरच्या वर जातात. टूल्स उत्तम आहेत. दुसऱ्याची वेबसाइट कोणत्या शब्दांवर वर आहे ते कळतं, आणि एखादा शब्द किती कठीण त्याचा 0 ते 100 असा अंदाज मिळतो. अ‍ॅरेफ्सचा तो अंदाज मुख्यतः पहिल्या दहा पानांना किती वेगवेगळ्या वेबसाइट्सनी लिंक दिली आहे त्यावर बांधलेला असतो. इंग्रजीतल्या मोठ्या बाजारासाठी तो कामाचा. देवनागरीत टाइप केलेल्या, महिन्याला मोजकेच शोध होणाऱ्या शब्दासाठी बहुतेक वेळा शून्य किंवा कोरी चौकट मिळते, आणि आपले शब्द नेमके तसले. देशभर माल पाठवणारा कारखाना असेल, इंग्रजीत चार-पाच प्रकारचा माल विकायचा असेल, तर एक-दोन महिने घेऊन यादी काढा आणि बंद करा. स्वतःच्या वेबसाइटपुरतं अ‍ॅरेफ्सचं फुकटचं खातंही मिळतं.

निवड: मोठा शब्द की नेमका?

'तारकर्ली हॉटेल' भरपूर शोधलं जातं, पण भाच्याचा स्क्रीनशॉट बघा. वर जाहिराती, मग गूगलची स्वतःची हॉटेलयादी, मग मेकमायट्रिप, बुकिंग डॉट कॉम, ट्रिपअ‍ॅडव्हायझर. चार खोल्यांच्या वेबसाइटने तिथे वर्षभर कष्ट करू नयेत. त्या शब्दासाठी या साइट्सवर आणि नकाशावर नाव असलं की पुरे. वेबसाइटची मेहनत 'देवबाग संगमाजवळ होमस्टे'सारख्या शब्दांवर जावी. घर देवबागला असेल तर 'तारकर्लीजवळ, देवबाग' असं स्पष्ट लिहा. लोक तारकर्ली शोधत येतात हे खरं, पण उतरल्यावर गाव वेगळं निघालं की रिव्ह्यूत त्याची किंमत मोजावी लागते.

गावाच्या नावांनी तर खूप घोळ होतो. मुरुड जंजिऱ्याचं रायगडात आणि मुरुड दापोलीजवळ रत्नागिरी जिल्ह्यात, दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे होमस्टे. दापोलीकडच्या माणसाने 'मुरुड बीच होमस्टे' धरलं तर निम्मे फोन जंजिरा बघायला आलेल्यांचे. त्याने 'दापोली' किंवा 'हर्णै' हा शब्द सोडूच नये. देवगडचंही तसंच. नुसतं 'देवगड' शोधणाऱ्यांत नेवासा तालुक्यातल्या दत्तस्थानाला निघालेले भाविकही असतात. 'देवगड हापूस' म्हटलं की प्रश्न मिटतो.

आंब्यात आणखी एक निवड आहे. 'हापूस ऑनलाइन पेटी दर' हा विकत घेणाऱ्याचा शोध, 'खरा हापूस कसा ओळखावा' हा माहिती घेणाऱ्याचा. दुसऱ्यात लगेच विक्री नाही. तरी बागायतदाराने ते पान करावं असं मला मनापासून वाटतं, कारण साल, देठ, वास, कापल्यावरचा गर यांचे फोटो त्याच्याइतके चांगले कुणाकडे नसतात, आणि परराज्यातला आंबा हापूस म्हणून विकला जातो ही गिऱ्हाइकाची खरी भीती आहे. 2018 मध्ये मिळालेलं हापूसचं भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे, तेही त्या पानावर लिहा. बाग राजापूरला असताना 'देवगड' शब्दाला जास्त शोध आहेत म्हणून तो मथळ्यात घालणं मात्र फसवणूक आहे. ती कितीही शोध असले तरी करू नये.

काजूवाल्याचा हिशेब उलटा. त्याचा घाऊक खरेदीदार 'काजू' शोधत नाही, तो 'डब्ल्यू 240', 'डब्ल्यू 320' किंवा 'तुकडा काजू होलसेल' असं प्रतवारीने आणि बहुतेकदा इंग्रजीत शोधतो. प्लॅनरवर हे आकडे अगदी किरकोळ दिसतील. पण एक ऑर्डर आली तर ती क्विंटलात असते. इथे व्हॉल्यूम बघूच नका.

मराठी पान की इंग्रजी?

राहण्याची सोय शोधणारा बहुतेक वेळा रोमन लिपीत टाइप करतो, मराठी माणूससुद्धा. पदार्थ, सण, कृती, 'कसं जायचं' यांसारखे प्रश्न देवनागरीत जास्त येतात, बोलून शोधणारेही आहेत. तेव्हा बुकिंगचं पान इंग्रजीत आणि मराठीत वेगवेगळं करा, माहितीचं पान आधी मराठीत. स्पेलिंगची प्रत्येक तऱ्हा पानात कोंबायची गरज नाही. हापूस रोमनमध्ये 'यू'ने लिहिला काय नि दोन 'ओ'ने लिहिला काय, गूगल बहुतेक ओळखतं.

एजन्सीला देणार असाल तर

द्यायला हरकत नाही, हंगामात तुम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो. आधी दोन गोष्टी विचारा. ती पहिल्या क्रमांकाची हमी देत असेल तर तिथेच थांबा, तशी हमी कुणीच देऊ शकत नाही हे गूगल स्वतः सांगतं. कामाच्या यादीत 'मेटा कीवर्ड टॅग भरणे' (पानाच्या कोडमध्ये शब्दांची यादी घालणे) असेल तर तेही बिलातून काढा. क्रमांक ठरवताना गूगल तो टॅग वापरत नाही, हे त्यांनी 2009 मध्येच जाहीर केलं आहे. सर्च कन्सोल, बिझनेस प्रोफाइल आणि डोमेन (वेबसाइटचं नाव) तुमच्याच जीमेलवर घ्या आणि एजन्सीला फक्त वापरकर्ता म्हणून जोडा. दर महिन्याला त्यांच्याकडून क्रमांकांचा तक्ता नको, कोणत्या शोधातून किती चौकश्या आल्या तेवढं मागा आणि ते तुमच्या फोनजवळच्या वहीशी ताडून बघा.